लुळ्या हाताचा खांदा

अर्धांगवायूच्या झटक्यात इजा होते ती मेंदूला. खांद्याच्या हाडांना, सांध्याच्या आवरणाला किंवा स्नायूंच्या दोऱ्यांना त्या दिवशी काहीही झालेले नसते. तरीही दोन-तीन महिन्यांनी रुग्ण तपासणीला येतो तेव्हा पुष्कळदा पायाच्या किंवा बोलण्याच्या आधी तो खांद्याबद्दल सांगतो. रात्री कुशीवर वळता येत नाही, सदऱ्याच्या बाहीत हात घालताना कळ उठते, कोणी हात धरायला आले तरी अंग चोरले जाते. हे दुखणे मधल्या आठवड्यांत, बहुतेक वेळा घरातच, थोडे थोडे घडत गेलेले असते. त्यातले बरेचसे टाळता येते, पण त्यासाठी खांदा कसा उभा राहतो आणि कशाने बिघडतो हे घरच्यांना कळावे लागते.

खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्यावरच्या एका उथळ बशीला टेकलेला असतो आणि एका वेळी त्या माथ्याचा जेमतेम पाव ते एक-तृतीयांश भागच बशीला लागलेला असतो. हात चहूकडे फिरावा म्हणून शरीराने केलेला हा सौदा आहे. स्थैर्याची जबाबदारी हाडांनी स्नायूंवर टाकली आहे. ‘रोटेटर कफ’ म्हणून ओळखले जाणारे चार स्नायू माथ्याला चारही बाजूंनी बशीकडे ओढून धरतात. त्यांतला वरचा स्नायू आणि सांध्याच्या आवरणाचा वरचा भाग हात खाली घसरू देत नाहीत, हे बासमाजियन आणि बाझंट यांनी १९५९ मध्ये स्नायूंतील विद्युत्-हालचाल मोजून दाखवले. दंडावरचा मोठा, नजरेत भरणारा स्नायू या कामात जवळजवळ स्वस्थ असतो. दिसतो तो राबत नाही आणि राबतो तो दिसत नाही, असा प्रकार.

एक अख्खा हात शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के भरतो. साठ किलोच्या माणसाचा हात म्हणजे तीन किलो. झटक्यानंतरचे पहिले काही दिवस किंवा आठवडे हात लुळा असतो. वरचा स्नायू झोपलेला असतो, फरा धरून ठेवणारे पाठीचे स्नायूही ढिले पडलेले असतात, त्यामुळे फरा खाली झुकतो आणि बशीचा वरच्या बाजूला असलेला किंचित चढ नाहीसा होतो. आता तीन किलोचे ओझे केवळ आवरणावर आणि अस्थिबंधांवर लोंबकळते. खुंटीला तीन किलोची पिशवी दिवसचे दिवस टांगून ठेवली तर तिचा बंद ताणतो, तसे ते आवरण ताणते. एकदा ताणलेले आवरण पुढे स्नायू जागे झाले तरी पहिल्यासारखे आखूड होत नाही. रुग्णाला बसवून हात मोकळा लोंबू दिला आणि खांद्याच्या वरच्या हाडाच्या टोकाखाली बोट ठेवले, तर तिथे खाच लागते. एक बोट, दीड बोट, दोन बोटे अशी ती मोजता येते. वैद्यकात तिला सांधा अंशतः निखळणे म्हणतात, गावात ‘खांदा उतरला’ म्हणतात. अशी खाच असलेले सगळे खांदे दुखत नाहीत, आणि दुखणाऱ्या सगळ्या खांद्यांत खाच नसते. पण खाच पडलेला खांदा ओढाताणीला अधिक लवकर बळी पडतो.

दुसरी गोष्ट फऱ्याची. हात डोक्यावर जातो तेव्हा सगळी हालचाल एका सांध्यात होत नाही. इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मांडलेला हिशेब आजही शिकवला जातो : ढोबळमानाने दोन भाग हालचाल खांद्याच्या सांध्यात, एक भाग फऱ्याच्या फिरण्यात. शिवाय वर जाताना दंडाचे हाड स्वतःभोवती बाहेरच्या बाजूला वळते. हे कोणालाही स्वतःवर करून पाहता येते. अंगठा जमिनीकडे ठेवून हात बाजूने उचलला तर तो खांद्याच्या पातळीच्या आसपास अडतो. अंगठा आकाशाकडे फिरवला की तोच हात सरळ कानाला लागतो. लुळ्या हातात फरा आपोआप फिरत नाही आणि दंड आपोआप वळत नाही. अशा वेळी कोणी मनगट धरून तो हात वर नेला, तर दंडाच्या हाडाचा उंचवटा वरच्या हाडावर आदळतो आणि मधले स्नायूंचे बंध चेपले जातात. रुग्णाच्या खांद्यात संवेदना कमी असेल तर त्या क्षणी त्याला ते कळतही नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते आणि दोष ‘वाऱ्या’ला जातो.

काही आठवड्यांनी चित्र उलटे होऊ लागते. ढिला हात कडक होतो. छातीचा मोठा स्नायू आणि फऱ्याच्या आतल्या बाजूचा स्नायू हाताला छातीशी आणि आत ओढून धरतात. कोपर दुमडते, मूठ वळते. या अवस्थेत खांद्याची बाहेर वळण्याची हालचाल सर्वांत आधी जाते. मधुमेह असेल तर आवरण आखडण्याचा धोका आणखी वाढतो. साठी ओलांडलेल्या कष्टकरी माणसाच्या खांद्यातले बंध तर आधीच झिजलेले असू शकतात. आयुष्यभर उसाच्या मोळ्या किंवा कांद्याची पोती खांद्यावर वाहिलेल्या माणसाला झटका येतो तेव्हा खांदा कोराकरकरीत नसतो.

पक्षाघात हा शहरी, श्रीमंती आजार असल्याचा समज अजून पुरता गेलेला नाही. मुंबईतल्या नोंदणीने २००५-०६ मध्ये दरवर्षी लाखामागे सुमारे १४५ नवे झटके दाखवले. गडचिरोलीच्या खेड्यांमध्ये ‘सर्च’ संस्थेसोबत डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ८६ गावांतल्या मृत्यूंपैकी १४.३ टक्के पक्षाघाताने झालेले होते, आणि मृत्यूच्या कारणांत तेच पहिले कारण ठरले. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे काम डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात उभे राहिले. तिथे २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची सलग नोंद ठेवली जाते. घरोघर जाऊन आरोग्याचे काम करता येते, याचा दाखला या तालुक्याला बाहेरून आणण्याची गरज नाही. खांद्याचा प्रश्नही तसाच घरोघरचा आहे. रुग्ण पुण्याच्या रुग्णालयात आठ-दहा दिवस असतो, त्यानंतर शिरूर, न्हावरे, तळेगाव ढमढेरे, पाटस, केडगाव किंवा दौंडच्या एखाद्या वाडीत परततो. खांदा बिघडतो तो या परतण्यानंतरच्या सहा-आठ आठवड्यांत.

बिघाड करणारे हात प्रेमाचेच असतात. रुग्णाला खाटेवरून उठवायचे म्हटले की दोघे दोन बाजूंनी काखेत हात घालतात आणि ‘उचल’ म्हणतात. पाखोटे धरून उठवणे ही इतकी अंगवळणी पडलेली कृती आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटतही नाही. शरीराचे सगळे वजन त्या क्षणी लुळ्या बाजूच्या सांध्यावर येते. दुसरी जागा प्रवासाची. तपासणीला नेताना मोटारसायकलवर पुढे मुलगा, मागे पुतण्या आणि मध्ये रुग्ण. लुळा हात मोकळा लोंबत असतो आणि प्रत्येक खड्ड्याला हिसका खातो. दौंडहून पुण्याला गाडीने जाताना फलाटावरून पायरी उंच पडते. आधी चढलेला माणूस वरून हात देतो आणि रुग्णाचा जो हात हाती लागेल तो ओढतो. तिसरी जागा भेटायला येणाऱ्यांची. पाव्हणा खाटेशी बसतो, ‘मामा, हात उचला बरं’ म्हणतो, मामांना उचलता आला नाही की स्वतः तो वर उचलतो आणि किती जीव आलाय ते पाहण्यासाठी सोडून देतो. दिवसात चार पाव्हणे आले तर हात चार वेळा पडतो.

या सगळ्यामागे एक घरगुती कारण आहे आणि पुस्तकांत ते सापडत नाही. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात मुलगा पाळीवर गेलेला असतो. सासऱ्यांना उठवण्याची, संडासापर्यंत नेण्याची वेळ सुनेवर येते. सासऱ्यांच्या कमरेला विळखा घालायला तिला संकोच वाटतो, सासऱ्यांना त्याहून जास्त. मग दोघांच्याही मर्यादेत बसणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हात धरून ओढणे. ‘कमरेला धरा’ एवढे सांगून हा पेच सुटत नाही. रुग्णाच्या कमरेला धोतराचा घडी केलेला पट्टा, जुना पंचा किंवा रुंद चामडी पट्टा घट्ट बांधला, तर अंगाला हात न लावता दोन्ही बाजूंनी पक्की पकड मिळते. रुग्णाने आधी खाटेच्या कडेला सरकावे, पाय जमिनीला पूर्ण टेकवावेत, पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यावीत आणि नाक पायांच्या बोटांच्या पुढे जाईल इतके वाकावे. सांभाळणाऱ्या व्यक्तीने आपला गुडघा त्याच्या लुळ्या गुडघ्याला टेकवून पट्ट्याने पुढे-वर आणावे. वजन पायांवर येते, खांदा मोकळा राहतो. चांगल्या हाताने रुग्ण लुळा हात कोपराखालून उचलून पोटाशी धरू शकतो. उठताना तो हात लोंबू न देणे हे त्याचेच काम ठरवले तर त्याला त्या हाताचा विसरही पडत नाही. डाव्या अंगाला झटका आलेल्या काही रुग्णांना तो हात आपला आहे याचेच भान उरत नाही. हात खुर्चीच्या चाकात किंवा पाठीखाली अडकला तरी त्यांना पत्ता नसतो. उजव्या अंगाच्या रुग्णांची अडचण वेगळी. अनेकांची वाचा गेलेली असते, दुखले तरी सांगता येत नाही. त्यांच्या बाबतीत हात हलवताना नजर हातावर न ठेवता चेहऱ्यावर ठेवावी लागते.

कपड्यांचा क्रम लहान वाटतो, पण दिवसातून दोनदा येतो. घालताना लुळी बाही आधी, काढताना लुळी बाही शेवटी. गळ्यातून घालायच्या बंडीपेक्षा पुढून बटणे असलेला सैल सदरा बरा. ब्लाऊजचे हूक पुढे असले तरी बाही तंग असते. काही महिन्यांपुरती ती उसवून सैल करून घेणे हे शिंप्याचे दहा मिनिटांचे काम आहे. अंघोळीला पाटावर बसवण्याऐवजी पाठ असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले की जमिनीवरून ओढून उठवण्याचा प्रसंगच येत नाही.

मग येते मालिश. अंगावरून वारे गेले म्हणजे शिरा आखडल्या, त्या तेलाने चोळून आणि ओढून मोकळ्या कराव्यात, ही समजूत खोल रुजलेली आहे. कुठे कुठे पारव्याचे रक्त चोळण्याचा सल्लाही अजून दिला जातो. त्याने मेंदूतली गाठ विरघळत नाही, हे वेगळे सांगायला नको. हलक्या हाताने कोमट तेल लावण्यात खांद्याला धोका नाही. धोका आहे तो मालिश संपल्यावर मनगट धरून दिल्या जाणाऱ्या हिसक्यात. ‘थोडं दुखल्याशिवाय मोकळं होत नाही’ हा नियम इतर कुठे चालत असेल, या खांद्यात तो घातक आहे. खाच दिसली की काही जण रुग्णाला हाड बसवणाऱ्याकडे नेतात. माथा वर ढकलला की तो सहज जागेवर जातो, कारण अडवणारा स्नायूच जागा नसतो. हात सोडला की पुन्हा खाली येतो. दोन-तीन वेळा ‘बसवून’ घेतल्यावर आवरणाची जी दशा होते ती मूळ खाचेपेक्षा वाईट असते.

विहिरीवरून निवृत्त झालेली कप्पी इथे अनेक घरांत नव्या कामाला लागली आहे. छताच्या आड्याला ती टांगायची, दोरीचे एक टोक लुळ्या हाताला बांधायचे आणि दुसरे चांगल्या हाताने खेचून लुळा हात वर न्यायचा. रुग्णाला आपले आपण काही केल्याचे समाधान मिळते, घरच्यांना वेळ वाचल्याचे. १९९० मध्ये कुमार आणि सहकाऱ्यांनी २८ रुग्णांचे तीन गट करून पाहिले. थेरपिस्टने जपून हात हलवलेल्या गटात ८ टक्के, टेबलावर चाकाच्या फळीवर हात फिरवणाऱ्या गटात १२ टक्के आणि कप्पी वापरणाऱ्या गटात ६२ टक्के रुग्णांना खांदेदुखी लागली. अभ्यास लहान आहे, पण त्याचे कारण शरीररचनेत उघड दिसते. कप्पी हात वर नेते, फरा फिरवत नाही आणि दंड बाहेर वळवत नाही. अंगठा खाली ठेवून हात उचलण्याचाच तो प्रकार, फक्त दोरीने आणि रोज पन्नास वेळा. अशी कप्पी उतरवून ठेवणे हा खांदा वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणता येईल.

तिच्या जागी करायचा व्यायाम साधा आहे. रुग्ण उताणा झोपलेला. मदतनीसाचा एक तळवा फऱ्याखाली, दुसरा हात कोपराला आधार देणारा, मनगट मोकळे. आधी फरा पुढे-वर सरकवायचा, मग हात अंगठा वर ठेवून हळूच वर न्यायचा. फरा सोबत फिरत नसेल आणि दंड बाहेर वळत नसेल तर खांद्याच्या पातळीच्या वर जायचे नाही. कोपर अंगाला चिकटवून हाताचा पुढचा भाग दार उघडल्यासारखा बाहेर नेणे ही दुसरी हालचाल, आणि महत्त्वाने पहिलीच. दिवसातून दोनदा, प्रत्येकी आठ-दहा वेळा, दुखण्याच्या अलीकडे थांबून. त्याखेरीज रोज अर्धा तास हात बाहेर वळलेल्या स्थितीत उशीवर ठेवून पडून राहिल्यास ही हालचाल टिकायला मदत होते, असे ऑस्ट्रेलियातल्या लुईस अडा यांच्या चाचणीत आढळले. हातात थोडी जरी हालचाल परतली असेल तर तीच वापरायची : पुढ्यातल्या टेबलावर पंचा पसरून तो पुढे-मागे पुसल्यासारखा सरकवणे, दोन्ही हातांनी तांब्या धरणे. स्वतःहून काम करणारा स्नायू जसा सांधा सावरतो, तसा कोणताही पट्टा सावरत नाही.

झोपण्या-बसण्याची ठेवण दिवसाचे वीस तास व्यापते, म्हणून तिचे वजन व्यायामाहून कमी नाही. लंडनमध्ये काम केलेल्या बर्टा बोबाथ यांनी १९७० मध्ये प्रौढांच्या अर्धांगवायूवर पुस्तक लिहिले, तेव्हापासून ही ठेवण पुनर्वसनाच्या शिक्षणाचा भाग झाली. उताणे झोपताना फऱ्याखाली आणि हाताखाली घडी घातलेली गोधडी, तळवा वर. चांगल्या कुशीवर झोपताना लुळा हात पुढे उशीवर, छातीवरून खाली ओघळणार नाही असा. लुळ्या कुशीवरही झोपता येते, फक्त खांदा आधी पुढे काढून घ्यावा लागतो, म्हणजे भार टोकावर न येता फऱ्यावर येतो. सैल सुंभाच्या बाजेत मधोमध खळगा पडतो आणि खांदा आत दुमडतो. तिच्यावर फळी आणि गादी टाकलेली बरी. ओट्यावर बसवले तर मांडीवर उशी आणि तिच्यावर हात. हात टेकवायची खुर्ची असेल तर दोन्ही हातांवर आडवी फळी ठेवून पुढे टेबल करता येते. कोपराला खालून आधार मिळाला की खाच बुजते.

गळ्यातल्या झोळीबद्दल गैरसमज फार. फॅशन म्हणून नसली तरी सवय म्हणून ती महिनोन्महिने गळ्यात राहते. झोळीने खाच कायमची भरते असा खात्रीचा पुरावा नाही. उलट कोपर दुमडलेले आणि हात पोटाशी, म्हणजे ज्या स्थितीत खांदा आखडतो नेमकी तीच स्थिती ती दिवसभर राखते. उभे राहताना, चालताना, प्रवासात लुळ्या हाताला झोळी योग्य. बसल्यावर आणि झोपल्यावर ती काढायची.

खांद्याशी जोडलेला हाताचा एक त्रास वेगळा ओळखावा लागतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत कधीतरी पंजाची मागची बाजू सुजते, कातडी चकचकीत आणि कधी लालसर होते, बोटे मिटवताना रुग्ण ओरडतो, खांदाही दुखू लागतो. १९९४ मध्ये जर्मनीतल्या ब्राउस आणि सहकाऱ्यांनी १३२ रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा २७ टक्क्यांमध्ये हा विकार आढळला. खांद्याला होणाऱ्या इजांबाबत कर्मचारी, रुग्ण आणि नातेवाईक यांना सुरुवातीपासून सावध केल्यावर पुढच्या रुग्णांत हे प्रमाण ८ टक्क्यांवर आले. प्रमाण घटले ते नव्या औषधाने नव्हे, हात हाताळण्याची पद्धत तेवढी बदलली होती. लुळ्या हाताला सलाईन न लावणे, रक्तदाब दुसऱ्या हातावर मोजणे आणि पंजा मनगटात खाली दुमडून न ठेवणे याच सावधगिरीत मोडते.

विजेच्या सौम्य झटक्यांनी वरचा स्नायू आणि दंडाचा मागचा स्नायू चाळवण्याचे यंत्र सुरुवातीच्या आठवड्यांत वापरले तर खाच कमी राहते. जुनी खाच त्याने फारशी भरत नाही. कडकपणा अनावर झाला तर बोटुलिनमचे इंजेक्शन, आवरण आखडले तर सांध्यात स्टेरॉइडचे, हे निर्णय तज्ज्ञाचे. तालुक्याच्या ठिकाणी यंत्र मिळेलच असे नाही आणि त्यावाचून बाकीचे काहीही अडत नाही.

घरच्यांना शिकवून किती फरक पडतो, याचे उत्तर सावधपणे द्यायला हवे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेली ‘अटेंड’ चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. कुटुंबातल्या एकाला पुनर्वसन शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, अशा दोन्ही गटांत सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन सुमारे ४७ टक्केच राहिले. म्हणजे घरच्यांनी थेरपिस्टची जागा घ्यावी ही अपेक्षा पुरी झाली नाही. त्या चाचणीचे मुख्य माप मात्र परावलंबनाचे होते, खांद्याचे नव्हते. मेंदू सावरणे घरच्यांच्या हातात नाही. सांधा न ताणणे आहे. त्यासाठी रुग्णालयातून सोडताना कागद देऊन भागत नाही, जी व्यक्ती खरोखर उठवणार आहे तिच्याकडून खाटेवरून खुर्चीत एकदा उठवून घ्यावे लागते. बहुतेकदा कागद मुलगा घेतो आणि उठवणारी सून बाहेर बाकावर बसलेली असते.

आशा कार्यकर्ती किंवा उपकेंद्रातला आरोग्य अधिकारी घरी जाईल तेव्हा पाहण्यासारख्या गोष्टी तीनच, त्याही पाच मिनिटांत होणाऱ्या : खांद्याखालची खाच किती बोटे आहे, कोपर अंगाला लावून हात किती बाहेर वळतो, आणि पंजा सुजला आहे का. तिन्ही केसपेपरवर तारखेसह लिहिल्या की पुढच्या भेटीत तुलना होते. पहिले सहा आठवडे आठवड्याला एकदा, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. बाहेर वळणे एका भेटीहून दुसऱ्या भेटीला घटत असेल तर रुग्ण अजून दुखत नाही म्हणत असला तरी खांदा आखडू लागलेला असतो, आणि हालचाल परत मिळवणे तेव्हाच सर्वांत सोपे असते.